स्प्रिंग एअर रायफलवरचा स्कोप जागचा हलू नये म्हणून

स्प्रिंगची रायफल घेऊन आलेला माणूस बहुतेक वेळा एकच मागणी करतो, "स्कोपचे स्क्रू अजून जरा आवळून द्या." मी ऍलन की बाजूला ठेवतो आणि आधी रेल, म्हणजे रायफलवरची स्कोप बसवायची पट्टी, बघतो. माउंटच्या (स्कोपला रेलवर धरणाऱ्या पकडीच्या) पुढच्या बाजूला काळ्या रंगावर घासल्याची चकचकीत खूण असेल तर माउंट मागे सरकला आहे. अशा वेळी नुसतं आवळून काही दिवस बरे जातात, मग झिरो (नेम धरला तिथेच छर्रा लागण्याची जुळणी) पुन्हा हरवतो. माउंटला मागून अडवणारं काहीतरी हवं आणि पकडीच्या जागी तेल नको. स्क्रूचा नंबर त्यानंतरचा.

स्कोप मागेच का सरकतो ते आधी समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. ट्रिगर दाबला की पिस्टन पुढे धावतो आणि रायफल खांद्याकडे येते. लगेच सिलिंडरच्या टोकाशी दाबल्या गेलेल्या हवेवर पिस्टन अडतो आणि अख्खी रायफल पुढे हिसका खाते. हा दुसरा हिसका जास्त झणझणीत असतो. रायफल पुढे जाते, स्कोप जडत्वामुळे होता तिथे राहू पाहतो, म्हणजे रेलच्या हिशेबाने तो मागे पडतो. गॅस पिस्टनच्या रायफलीतही हेच घडतं, फक्त जास्त वेगात. पीसीपीला, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीला, धक्का जवळपास नसतोच. तिथे स्वच्छ रेल आणि योग्य आवळणी एवढ्यावर काम भागतं.

या दुहेरी धक्क्यामुळे स्कोपही एअर रायफलसाठी बनवलेलाच घ्यावा. मोठ्या बोअरच्या रायफलवर वर्षानुवर्षं टिकलेला स्कोप स्प्रिंगवर आतून निखळू शकतो, कारण त्याची भिंगं आणि क्रॉसहेअर (नेमाची फुली) एकाच दिशेचा धक्का सोसायच्या हिशेबाने बसवलेली असतात. शिवाय अशा स्कोपचं पॅरॅलॅक्स (डोळा हलला तरी नेम हलू नये असं ठरलेलं अंतर) बरेचदा १०० यार्डांवर पक्कं केलेलं असतं. १० मीटरवर डोळा जरा हलला की नेम हलतो आणि दोष उगाच माउंटला मिळतो.

काम सुरू करण्याआधी नळीत छर्रा नाही याची डोळ्यांनी खात्री करा आणि रायफल कॉक करून, म्हणजे स्प्रिंग दाबून, ठेवू नका. "चालतंय का बघू" म्हणून छर्रा न घालता ट्रिगर दाबायचा नाही. हवेची उशी मिळाली नाही तर पिस्टन थेट टोकावर आदळतो, आणि त्यात सील आणि स्प्रिंग दोन्ही जातात. मग लाकडी किंवा प्लास्टिकच्या बटाचे स्क्रू तपासा, पुढचे दोन आणि ट्रिगर गार्डजवळचे. ते ढिले असतील तर स्कोप कितीही पक्का बसवा, छर्रे विखुरणारच.

आता माउंट पूर्ण उतरवा. कारखान्यातून आलेल्या रेलवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. रेलच्या दोन्ही कडा, माउंटचे जबडे, रिंगांची आतली बाजू, स्कोपची नळी आणि स्क्रूचे आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कापडावर काळं उमटेनासं होईपर्यंत पुसा. भिंगांवर मात्र ते कापड लावू नका.

मग स्टॉप पिन. एअर रायफलच्या ११ मिलिमीटर डोव्हटेल (कडांना तिरक्या खाचा असलेल्या) रेलवर मागच्या बाजूला बहुधा एक किंवा अनेक भोकं असतात. माउंटमधली पिन खाली करून त्या भोकात उतरवायची. नुसती उतरवून थांबू नका. स्क्रू ढिले असतानाच माउंट हाताने मागे दाबा आणि पिन भोकाच्या मागच्या कडेला टेकली की मगच आवळा. पिन भोकाच्या मधोमध राहिली तर तेवढ्या फटीत माउंट सरकतो आणि प्रत्येक शॉटला पिनवर हातोडा बसल्यासारखा होतो. शेवटी पिन वाकते किंवा तुटते. पिकॅटिनी, म्हणजे आडव्या खाचांच्या, रेलच्या खाचेत बसणाऱ्या आडव्या पट्टीलाही हाच नियम. तिथे बंदूकवाले माउंट पुढे दाबून बसवायला सांगतात, स्प्रिंगच्या रायफलवर तो मागे दाबायचा. रेलला भोकच नसेल तर माउंटच्या पाठीला टेकवून वेगळा स्टॉप ब्लॉक लावा.

जोरदार स्प्रिंगसाठी मी दोन सुट्या रिंगांपेक्षा सलग, एकाच तुकड्याचा माउंट पसंत करतो. त्याची रेलवरची पकड लांब असते, आणि एक पिन सगळ्या माउंटला धरून ठेवते. सुट्या रिंगा असतील तर पिन मागच्या रिंगला हवी.

रिंगा स्कोपच्या मापाच्याच हव्यात. २५.४ मिलिमीटरची नळी ३० च्या रिंगेत कागद घालून बसवणं हा उपाय नाही. टर्रेटच्या (नेम वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवायच्या गोल बटणांच्या) फुगीर भागाला किंवा पुढच्या रुंद तोंडाच्या उताराला रिंग टेकू देऊ नका. डोळ्याचं अंतर आणि क्रॉसहेअरची सरळ रेघ आधी जुळवा, मग टोप्यांचे (रिंगांच्या वरच्या अर्ध्या भागांचे) स्क्रू मोटारीच्या चाकाच्या नटांसारखे तिरके-तिरके, थोडे-थोडे आवळा. दोन्ही बाजूंची फट सारखी दिसली पाहिजे. माउंट बनवणाऱ्याने आकडा दिला असेल तर तोच पाळा. दिला नसेल तर टोप्यांना १५ ते १८ इंच-पौंड, म्हणजे साधारण १.७ ते २ न्यूटन-मीटर पुरतं. त्यापुढे गेलात तर नळी दबते आणि आतली झूम किंवा टर्रेटची हालचाल अडखळते. टॉर्क पाना नसेल तर ऍलन कीचा आखूड दांडा बोटांत धरून आवळा, लांब दांड्याने नाही. रेलच्या स्क्रूंना निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब चालतो, टोप्यांना मी तो लावत नाही.

बसवून झालं की नेल पॉलिशच्या बारीक रेघा ओढा: एक माउंटपासून रेलवर, एक रिंगेपासून स्कोपच्या नळीवर. दुसरी रेघ बरेचजण विसरतात. माउंट जागेवर असतो आणि नळी रिंगेतून घसरत असते, असंही होतं. तसं दिसलं तर रिंगेच्या आत पातळ चिकटपट्टी लावून पुन्हा आवळा. सुरुवातीचे काही डझन शॉट झाल्यावर स्क्रू एकदा तपासा. नंतर अधूनमधून रेघांवर नजर टाकली की पुरे.

रेघा जशाच्या तशा असूनही झिरो भटकत असेल तर उंचीचा टर्रेट बघा. मोडून भरायच्या रायफलींची नळी बऱ्याचदा किंचित खाली झुकलेली असते. मग झिरो साधायला टर्रेट वर-वर फिरवावा लागतो, आणि शेवटाजवळ गेला की स्कोपच्या आतली स्प्रिंग सैल पडते आणि आतली नळी प्रत्येक धक्क्याला हलते. टर्रेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून क्लिक मोजा आणि मध्यावर आणा. मागची बाजू उंच असलेला माउंट घेतला तर झिरो त्या मध्याच्या आसपास येतो. हेही करून फरक पडला नाही तर खात्रीचा दुसरा स्कोप त्याच माउंटवर चढवून १० मीटरवर पाच-पाच छर्रे मारा. गट जुळला तर पहिला स्कोप आतून गेला आहे. नाही जुळला तर नळीच्या सांध्याचा बोल्ट, तिथलं सील आणि नळी बंद करणारा लॉक, या क्रमाने बघत जा.