सिरपूर तलावावर मुलांना पक्षी दाखवताना

इंदूरमधील मुलांना पक्षिजीवनाची ओळख करून द्यायची असेल, तर २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, समाविष्ट झालेल्या सिरपूर तलावावर त्यांना हिवाळ्यातील एखाद्या सकाळी न्यावे. नावे पाठ करून घेण्याचा मोह टाळावा. एकच पक्षी निवडून त्याच्याकडे दहा मिनिटे शांतपणे पाहायला लावावे. ओंडक्यावर पंख पसरून बसलेला पाणकावळा यासाठी उत्तम, कारण तो असा का बसला आहे, हे मुले आपणहून विचारतात. लगेच उत्तर न देता आधी त्याची बुडी पाहू द्यावी आणि मग सांगावे, की त्याच्या पिसांचा बाहेरचा भाग भिजत असल्यामुळे त्यांत अडकणारी हवा कमी होते व बुडी मारणे सोपे जाते. मात्र नंतर पंख वाळवावे लागतात. कमळपक्षी दिसलाच, तर लांबलचक बोटांमुळे त्याचे वजन तरंगत्या पानांवर कसे विभागले जाते, ते दुर्बिणीतून दाखवावे. त्यांच्यात अंडी नर उबवतो, हे ऐकून आमच्या आजीचा पोह्यांचा डबा उघडता उघडता राहिला होता. पक्ष्यांना शेव किंवा पाव टाकू देऊ नये. घरी परतल्यावर चित्र काढायला सांगावे; रंग चुकले तरी चालतील, पायांची बोटे मात्र आठवून काढलेली असावीत.