थंडीआधी परसातील झाडांची तयारी

निफाडच्या परिसरात आणि खानदेशात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांखाली जाणे नवे नाही. काही वर्षी तो ५ अंशांच्या आसपासही उतरतो. आपल्याकडे बर्फ पडत नाही, म्हणून झाडांची हिवाळी तयारी अनेकांना अनावश्यक वाटते. केळ आणि पपई ही मुळात उष्ण, दमट हवेतली झाडे असल्याने अशा रात्री त्यांना फार जड जातात. त्याच रात्री शेजारच्या आंब्याला मात्र थंडी हवीच असते, कारण त्याचा मोहर तिच्यावर अवलंबून असतो. सगळ्या परसाला एकाच मापाने पाणी आणि एकच खत देण्याची सवय म्हणूनच आधी सोडावी. दिवाळीच्या सुमारास एक फेरी मारून कोणत्या झाडाला ऊब हवी, कोणाला ताण आणि कोणाला विश्रांती, हे ठरवून घ्यावे.

सर्वांत जास्त काळजी केळीची घ्यावी लागते. तापमान १२ अंशांखाली राहू लागले की केळीची वाढ जवळजवळ थांबते, पाने पिवळी पडतात आणि नेमकी याच काळात निसवणारी, म्हणजे घड बाहेर टाकणारी, केळ असेल, तर तिचा घड पूर्ण बाहेर न पडता गळ्याशी अडकतो. गारठ्यात मुळे मंदावलेली असल्यामुळे त्या वेळी घातलेले खत झाडापर्यंत पोहोचत नाही. म्हणून थंडी पडण्याआधीच प्रत्येक झाडाला कुजलेले शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड मातीत मिसळून द्यावी. बुंध्याजवळची नको असलेली पिले कापावीत, पण हिरवी पाने कापू नयेत, कारण घडाचे पांघरूण तीच असतात. ज्या बाजूने गार वारा येतो, त्या बाजूला शेडनेट किंवा तुराट्यांची ताटी उभी करावी. बाहेर पडलेला घड सच्छिद्र पिशवीने किंवा केळीच्याच वाळक्या पानांनी झाकावा.

पाण्याची वेळ हा यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. ओली माती दिवसाची उष्णता कोरड्या मातीपेक्षा जास्त साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. विहिरीचे पाणी तर पहाटे हाताला चक्क कोमट लागते आणि सरीतून त्याची बारीक वाफ उठताना दिसते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, अशा रात्री गारठा हमखास वाढतो. त्या दिवशी संध्याकाळी किंवा पहाटे हे पाणी केळी-पपईला द्यावे. गच्चीवरच्या टाकीतले पाणी मात्र रात्रभर गारठलेले असते, ते दुपारीच द्यावे. पपईच्या बुंध्याशी पाणी साचू देऊ नये, तिचे खोड लगेच कुजते. बागेच्या कडेने ओला पालापाचोळा धुमसत ठेवण्याची जुनी रीत शेतात ठीक आहे. वस्तीत त्या धुराचा त्रास होतो, तेथे पाणी आणि आडोसा यांवरच भर द्यावा.

फळे देणाऱ्या आंब्याचे गणित उलटे आहे. त्याचे पाणी पावसाळा संपला की बंद करावे आणि फळे वाटाण्याएवढी होईपर्यंत सुरू करू नये. या काळात पाणी किंवा युरिया दिला, तर मोहराऐवजी पालवी फुटते. तीन वर्षांच्या आतील कलमांना मात्र पाणीही लागते आणि आडोसाही. चार काठ्या रोवून वरून आणि तीन बाजूंनी गवत बांधावे आणि पूर्वेची बाजू उघडी ठेवावी, म्हणजे सकाळचे ऊन आत येते. एका वर्षी मी घाईने कलमावर प्लास्टिकची पिशवी चढवली होती. जेथे जेथे प्लास्टिक पानाला चिकटले, तेथे पान काळे पडले. आच्छादन पानाला टेकता कामा नये, हे मी तेव्हापासून कधी विसरलेलो नाही.

मोठ्या झाडांच्या खोडांना याच दिवसांत बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावावी. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम चुना अर्धा लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावा. त्यात लोखंडी सुरीचे स्वच्छ पाते मिनिटभर बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला असे समजून आणखी थोडा घालावा. ही पेस्ट जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत ब्रशने लावावी. आळ्यात वाळलेल्या पानांचे आच्छादन घालताना खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडावी, नाहीतर साल कुजते आणि वाळवीलाही आसरा मिळतो.

फुलझाडांत गुलाबाची छाटणी ऑक्टोबरातच उरकावी; बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडे वर तिरका काप घेतला, तर साधारण सहा-सात आठवड्यांत फुले येतात. मोगऱ्याचे पाणी डिसेंबरात तोडावे आणि जानेवारीच्या अखेरीस छाटून, शेणखत देऊन पुन्हा सुरू करावे. शेवंतीची फुले संपल्यावर दांडे खाली छाटावेत, पण मुळाशी आलेले मुनवे, म्हणजे नवे फुटवे, जपावेत, कारण पुढच्या वर्षीची रोपे त्यांतूनच होतात. हळद आणि भुईचाफ्याची पाने आपोआप वाळतात. त्या जागी पाणी घालत राहिल्यास कंद सडतात.

फेब्रुवारीत रात्री ऊबदार होऊ लागल्या, तरी कलमांवरचे गवत एकदम काढू नये. आधी दक्षिणेची बाजू मोकळी करावी आणि चार-पाच दिवसांनी, शक्यतो संध्याकाळी, उरलेला मांडव उतरवावा. केळीची करपलेली पाने नवे पान पूर्ण उलगडल्यानंतरच काढावीत.