महामार्ग रुंदीकरण: जमीनमालकांशी बोलणी कशी करायची

गावात पहिली बैठक भरली की पाच मिनिटांत प्रश्न येतो, "साहेब, एकरी भाव काय देणार?" या प्रश्नाला आकड्यानं उत्तर देणारा माणूस तिथेच अडकतो. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ खाली जमीन घेताना भाव बैठकीत ठरत नाही. तो सक्षम प्राधिकारी, म्हणजे बहुतेक ठिकाणी प्रांत किंवा भूसंपादनाचे उपजिल्हाधिकारी, निवाड्यात (मोबदल्याच्या लेखी आदेशात) ठरवतात. प्रकल्पाच्या वतीनं गावात जाणाऱ्या अभियंत्याला, समन्वयकाला किंवा सल्लागाराला तो वाढवण्याचा अधिकार नाही, कमी करण्याचाही नाही. हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं.

मग बोलणी कशाची? किती क्षेत्र जातंय, ते जिरायत लागलंय की बागायत, विहीर कागदावर आली का, उरलेल्या रानात जायला वाट कुठून, पाइपलाइन रस्त्याखालून कशी न्यायची, उभा ऊस तुटेपर्यंत ताबा थांबेल का, या सगळ्याची. शेतकऱ्याच्या हातात शेवटी किती पडतं आणि उरलेली जमीन कसता येते की नाही, हे यावरच ठरतं.

दुसरा हमखास प्रश्न समृद्धी महामार्गाचा. "त्यांना पाचपट दिले, आम्हाला का नाही?" समृद्धी हा राज्याचा प्रकल्प होता. तिथे थेट खरेदीचा मार्ग होता आणि संमतीनं खरेदीखत करून देणाऱ्याला कायद्यानं येणाऱ्या रकमेवर २५ टक्के जादा मिळत होते. कायद्यानं येणारी चारपट रक्कम पाचपट झाली ती अशी. राष्ट्रीय महामार्गाच्या सक्तीच्या संपादनात ही जादा रक्कम नाही. प्रश्न टाळला तर माणसं समजतात की काहीतरी लपवलं जातंय.

तारखा पाठ हव्यात

३ए ची, म्हणजे महामार्ग कायद्याच्या कलम ३ए खाली जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी, अधिसूचना राजपत्रात आणि दोन वर्तमानपत्रांत येते. त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं. प्रसिद्धीपासून २१ दिवसांत हरकत घेता येते. ही हरकत जमीन घेण्याबद्दल असते, भावाबद्दल नाही. भाव कमी आहे म्हणून त्या वेळी दिलेले अर्ज फेटाळले जातात आणि खऱ्या हरकतीचे दिवस हातचे जातात. वळण थोडं सरकवलं तर घर वाचतं, समोरच्या बाजूला गायरान मोकळं आहे, एकाच खातेदाराचं सगळं रान जातंय, अशा मुद्द्यांना या २१ दिवसांत वजन असतं. म्हणून अधिसूचना निघाल्याच्या आठवड्यातच गावात जावं आणि नकाशा भिंतीवर लावावा. त्यावर गट नंबर ठळक हवेत. नुसते साखळी क्रमांक (रस्त्यावरच्या अंतराचे आकडे) लिहिलेला नकाशा गावात कुणालाच वाचता येत नाही.

३ए पासून एका वर्षात ३डी ची, म्हणजे जमीन संपादित केल्याची, घोषणा झाली नाही तर ३ए रद्द होते. कोर्टाच्या स्थगितीचा काळ मात्र यातून वजा होतो. ३डी प्रसिद्ध झाली की जमीन सर्व बोजांतून मोकळी होऊन केंद्र सरकारची होते. त्यानंतर आखणीवर बोलण्यात अर्थ उरत नाही, आणि त्या वेळी गावाला "बघू, वरती कळवतो" असं सांगणं ही फसवणूक आहे. बाजारमूल्य मात्र ३ए च्या तारखेचं धरतात, पुढच्या कोणत्याही तारखेचं नाही.

संयुक्त मोजणी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. भूमी अभिलेखचा भूकरमापक, तलाठी, प्रकल्पाचा माणूस, कृषी, वन आणि बांधकाम खात्याचे प्रतिनिधी आणि खातेदार, सगळे एकाच दिवशी बांधावर हवेत. नोटीस आदल्या दिवशी देऊन भागत नाही. निदान आठवडाभर आधी द्यावी आणि चावडीवर चिकटवावी. कोकणात चाकरमानी मुंबईत असतात. गणपतीला किंवा शिमग्याला ते गावी येतात तेव्हाची तारीख धरली तर एका फेरीत निम्मे हिस्सेदार भेटतात.

एका गटाचं उदाहरण घ्या. रस्त्याला लागून ८० मीटर दर्शनी बाजू आहे आणि रुंदीकरणात १५ मीटरची पट्टी जाते. ८० गुणिले १५ म्हणजे १२०० चौरस मीटर, म्हणजे १२ आर. शेतकऱ्याला आर समजतो, पण तो मनात गुंठ्यात मोजतो. म्हणून "साधारण पावणेबारा ते बारा गुंठे" असंही सांगावं. खुंट्या मारून झाल्यावर टेप खातेदाराच्या हातात द्यावी आणि दर्शनी बाजू त्याला स्वतःला मोजू द्यावी. दहा मिनिटं जातात, पण पुढच्या वर्षभराची कुरकुर वाचते.

मग त्या पट्टीत चालत जाऊन दिसेल ते लिहायचं. विहीर असेल तर व्यास, खोली, बांधकाम दगडी की सिमेंटचं, पाणी आहे का. बोअर असेल तर खोली आणि केसिंग. पाइपलाइन असेल तर व्यास इंचात, लांबी मीटरमध्ये, पीव्हीसी की सिमेंटची, आणि जमिनीखाली असली तर दोन ठिकाणी उकरून बघायची. झाडं जातवार मोजायची: आंबा कलमी की रायवळ, अंदाजे वय, खोडाचा घेर, फळ धरतं की नाही. नुसतं "आंबा ४ नग" असं लिहिलं तर कृषी खात्याकडून येणारं मूल्यांकन सगळ्यात खालच्या पायरीवरून येतं. ताली, कुंपण, गोठा, ठिबकचे संच, पाण्याची टाकी यांतलं काही सुटू देऊ नये.

विहिरीचा एक प्रकार फार त्रास देतो. विहीर पट्टीच्या हद्दीबाहेर चार फुटांवर असते, पण तिच्यावरचं रान पट्टीत जातं किंवा तिची पाइपलाइन तुटते. कागदावर विहीर "बाधित नाही". प्रत्यक्षात ती निरुपयोगी झालेली असते. अशा विहिरीचं अंतर मोजून शेऱ्यात लिहायचंच. कायद्याच्या ३जी(७) मध्ये जमीन तुटल्यामुळे होणारं नुकसान, उरलेल्या मालमत्तेला किंवा कमाईला पोचणारी झळ आणि घर वा धंदा हलवण्याचा खर्च धरायची तरतूद आहे. पण पंचनाम्यात शब्द नसेल तर निवाड्यात रक्कम येत नाही.

३ए नंतर उभी राहिलेली पत्र्याची शेड आणि रातोरात लावलेली कलमं हाही रोजचा भाग आहे. भांडू नये. अधिसूचनेआधीचं ड्रोन चित्रण किंवा उपग्रह छायाचित्र समोर ठेवावं, जे आहे ते लिहावं आणि शेऱ्यात तारीख टाकावी. कुणालाही सगळ्यांसमोर खोटं पाडलं तर बाकीचं गाव त्याच्या बाजूनं उभं राहतं.

जुन्या रस्त्याचा प्रश्न याहून अवघड. अनेक गावांत पहिला रस्ता कधी झाला, पैसे कुणाला मिळाले याचा कागदच नाही. सातबाऱ्यावर रस्त्याखालचं क्षेत्र अजून शेतकऱ्याच्या नावावर चालतं, कमीजास्त पत्रक (क्षेत्रातला बदल नोंदवणारा कागद) झालेलंच नाही. "तो रस्ता आमचाच आहे" एवढं म्हणून चालत नाही. जुना निवाडा, कमीजास्त पत्रक आणि ताबापावती अभिलेख कक्षातून काढून आणावी. नाही सापडली, तर ते क्षेत्र संपादनात घेण्याचा प्रस्ताव सक्षम प्राधिकाऱ्याकडे पाठवणं हाच प्रामाणिक मार्ग आहे.

हिशोब पाटीवर मांडून दाखवा

२०१३ च्या भूसंपादन कायद्यातल्या मोबदल्याच्या तरतुदी महामार्गाच्या संपादनाला १ जानेवारी २०१५ पासून लागू आहेत. बाजारमूल्य दोन रकमांतलं जास्त असेल ते धरतात: रेडी रेकनरचा दर, किंवा आधीच्या तीन वर्षांतल्या आसपासच्या तशाच जमिनींच्या खरेदीखतांपैकी वरच्या किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी. दहा खतं असतील तर वरची पाच. त्याला ग्रामीण भागात १ ते २ मधला गुणक लागतो. तो राज्य ठरवतं आणि महाराष्ट्रात तो बदलला आहे, म्हणून आपल्या प्रकरणाला लागू असलेला शासन निर्णय हातात घेऊनच बोलावं. त्यात झाडं, विहीर, बांधकाम मिळवायचं, आलेल्या बेरजेवर १०० टक्के दिलासा रक्कम (सक्तीनं जमीन घेतल्याबद्दलची जादा रक्कम), आणि बाजारमूल्यावर ३ए पासून निवाडा किंवा ताबा यांतल्या आधीच्या तारखेपर्यंत वार्षिक १२ टक्के.

वरच्या १२ आरचाच हिशोब काल्पनिक दरानं करू. रेकनर हेक्टरी ८ लाख, खतांची सरासरी १४ लाख. १४ लाख धरायचे. ०.१२ हेक्टरचे १,६८,०००. गुणक २ असेल तर ३,३६,०००. विहीर, पाइप आणि झाडं मिळून २,४०,०००. बेरीज ५,७६,०००, दिलासा धरून ११,५२,०००. गुणक लावण्याआधीच्या १,६८,००० वर पंधरा महिन्यांचे १२ टक्क्यांनी २५,२००. एकूण ११,७७,२००. गुणक १ असेल तर हीच रक्कम ८,४१,२०० होते. विहीर लिहायची राहिली तर किती जातं, हेही याच पाटीवर दिसतं, कारण तिच्या प्रत्येक रुपयाचे दोन होतात.

खरेदीखतांची यादी गावाला द्यावी. दुय्यम निबंधकाकडून काढलेल्या यादीत एखादं चांगल्या दराचं खत सुटलेलं असतं आणि ते गावातल्या कुणाला तरी आठवतं. ते निवाड्याआधी आलं तर दुरुस्ती सोपी असते.

निवाडा मान्य नसेल तर केंद्रानं नेमलेल्या लवादाकडे जाता येतं, हे आपणहून सांगावं. लवाद बहुधा जिल्हाधिकारी किंवा विभागीय आयुक्तालयातले अधिकारी असतात. हरकत राखून पैसे उचलता येतात. लवादानं वाढवून दिलेल्या रकमेवर ताब्यापासून ९ टक्के व्याज आहे. हे सांगितल्यानं दावे वाढतात ही भीती चुकीची. दावे वाढतात ते दलालांमुळे, जे हीच माहिती टक्केवारीवर विकतात आणि कोरे धनादेश सही करून घेतात.

जे खरंच देता येतं

रस्त्यानं रान दोन बाजूंना तुटलं की बैलगाडी, ट्रॅक्टर पलीकडे नेणार कसा? दुभाजकातली फट दोन-चार किलोमीटरवर असते. भुयारी मार्ग मागताना त्याची उंची बघा. हलक्या वाहनांचा भुयारी मार्ग ४ मीटर उंचीचा असतो. उसाची भरलेली ट्रॉली आणि कापणी यंत्र गावातच मोजून घ्या, मग मागणी लिहा. भराव टाकल्यावर काळ्या रानात पाणी कुठे तुंबेल ते शेतकऱ्याला नेमकं माहीत असतं. मोरीची जागा त्याला विचारून नकाशावर खूण करावी. सिंचनाच्या पाइपसाठी रस्त्याखाली आडवा सिमेंट पाइप बांधकामाच्या वेळी टाकणं सोपं आहे. रस्ता झाल्यावर तो टाकणं जवळपास अशक्य.

यातलं प्रत्येक आश्वासन साखळी क्रमांकासह बैठकीच्या इतिवृत्तात लिहावं आणि प्रकल्प संचालकांच्या सहीनं आराखड्यात चढवावं. तोंडी शब्द ठेकेदार बदलला की संपतो, आणि गावाला चेहरा तुमचाच आठवतो.

हिस्सेदार आणि पैसे

सातबाऱ्यावर चाळीस नावं, त्यातली पंधरा मयत, वारस नोंद नाही. हे काम निवाड्यानंतर नव्हे, मोजणीच्या दिवशीच सुरू करावं. तलाठ्याला घेऊन वारस नोंदीचं शिबिर गावात लावावं. सासरी गेलेल्या मुलींची नावं सुटणार नाहीत हे पाहावं. घाईत हक्कसोड लिहून घ्यायला आपण हातभार लावू नये. कुळाचं नाव इतर हक्कांत असेल, जमीन वर्ग २ ची (परवानगीशिवाय विकता न येणारी), देवस्थानची किंवा आदिवासी खातेदाराची असेल, तर ती फाइल वेगळी काढून आधी हलवावी. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर थकबाकीचा दाखला मागवून ठेवावा. वाटणीचा वाद मिटलाच नाही तर तो मुख्य दिवाणी न्यायालयाकडे जातो आणि पैसे तिथे अडकून पडतात. भावाभावांना ही गोष्ट शांतपणे, दोघांना एकत्र बसवून सांगितली की बरेच वाद ओट्यावरच मिटतात.

ताबा

रक्कम जमा झाल्यावरच ताब्याची नोटीस निघते आणि तिची मुदत ६० दिवसांची असते. नोटिशीची तारीख पिकाकडे बघून धरावी. ऊस कारखान्याला जाईपर्यंत, केळीचा घड उतरेपर्यंत थांबता येत असेल तर ते ठेकेदाराच्या कामाच्या वेळापत्रकात आधीच घालावं. उभ्या पिकात जेसीबी घातला की त्या तालुक्यातली पुढची सगळी गावं बंद होतात.

ताब्यानंतर कमीजास्त पत्रक होऊन दुरुस्त सातबारा खातेदाराच्या हातात पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नये. आणि पैसे मिळताच जो उरलेल्या तुकड्यावर नवं घर बांधायला निघतो, त्याला आधीच गाठून सांगावं: मोकळ्या ग्रामीण भागात रस्त्याच्या मध्यापासून ४० मीटरपर्यंत इमारत रेषा (जिच्या आत बांधकाम चालत नाही) आणि ७५ मीटरपर्यंत नियंत्रण रेषा (जिच्या आत बांधकामावर निर्बंध असतात) येते. पायाची दोरी धरायच्या आधी हे अंतर त्याच्यासोबत जागेवर मोजून द्यावं.