उमेदवाराचं शपथपत्र कसं वाचायचं: इंदूरच्या मतदारासाठी

सभेतलं भाषण शपथेवर नसतं, म्हणून नेता तिथे काहीही बोलू शकतो. उमेदवारी अर्ज भरताना मात्र तोच माणूस फॉर्म २६ मध्ये नोटरीपुढे सही करून आपले खटले, उत्पन्न, जमीन, कर्ज आणि शिक्षण लिहून देतो. २ मे २००२ आणि १३ मार्च २००३ या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांमुळे ही माहिती मतदाराचा हक्क ठरली. ती फुकट आहे आणि घरबसल्या मिळते. नेत्याचं बोलणं आणि वागणं यांत किती अंतर आहे, हे व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या क्लिपपेक्षा या वीस-पंचवीस पानांतून जास्त नीट कळतं.

आधी कागद मिळवा. निवडणूक आयोगाच्या शपथपत्रांच्या संकेतस्थळावर राज्य, निवडणूक आणि मतदारसंघ निवडला की उमेदवारांची यादी येते. ‘नो युअर कँडिडेट’ या आयोगाच्या ॲपवरही तीच मिळते. इंदूर जिल्ह्यात विधानसभेच्या नऊ जागा आहेत: शहरातल्या १ ते ५, शिवाय राऊ, महू, सांवेर आणि देपालपूर. आपलं घर कोणत्या जागेत येतं ते मतदार यादीत बघून घ्या. शेजारच्या वॉर्डातल्या माणसाचा आमदार वेगळा असू शकतो. जुन्या निवडणुकांची शपथपत्रं असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेच्या ‘मायनेता’ संकेतस्थळावर सापडतात. तिथला गोषवारा सोयीचा असला तरी आकड्यासाठी मूळ स्कॅनच उघडा.

इथे तीन चुका हमखास होतात. पहिली चूक सारख्या नावाच्या उमेदवाराची. मोठ्या उमेदवाराच्या नावाशी मिळतंजुळतं नाव असलेला अपक्ष उभा असतो आणि घाईत त्याचाच कागद उघडला जातो. वडिलांचं नाव आणि पक्ष जुळवून बघा. दुसरी चूक आवृत्तीची. उमेदवार चारपर्यंत अर्ज भरू शकतो, आणि रकाने कोरे सोडले म्हणून निवडणूक अधिकाऱ्याने नोटीस दिली तर सुधारित शपथपत्रही देतो. शेवटच्या तारखेचं धरा. तिसरी चूक म्हणजे फक्त ‘निवडणूक लढवत असलेले’ एवढीच यादी बघणं. २९ एप्रिल २०२४ ला, माघारीच्या शेवटच्या दिवशी, इंदूर लोकसभेच्या काँग्रेस उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि १३ मे च्या मतदानात नोटाला २,१८,६७४ मतं पडली. माघार घेतलेल्यांचे कागदही पोर्टलवर राहतात. असा माणूस पुढच्या वेळी दुसऱ्या पक्षाकडून उभा राहिला, तर तुलनेला तेच लागतात.

मध्यप्रदेशातलं शपथपत्र बहुधा हिंदीत असतं. ‘चल संपत्ति’ म्हणजे आपली जंगम, ‘अचल’ म्हणजे स्थावर, ‘दायित्व’ म्हणजे देणी, ‘स्वार्जित’ म्हणजे स्वतः कमावलेली. ‘निरंक’ म्हणजे काही नाही. रकाना कोरा ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलंय. ‘निरंक’ लिहिणं हे शपथेवरचं विधान आहे, आणि पुढे काही उघड झालं तर तोच शब्द उमेदवाराच्या अंगाशी येतो.

खटल्यांचा रकाना

रकाना ५ मध्ये प्रलंबित खटले आणि ६ मध्ये शिक्षा झालेले खटले असतात. नुसती संख्या मोजू नका. रस्ता रोको करणाऱ्या कार्यकर्त्यावर दहा खटले असू शकतात आणि सहकारी संस्थेचे पैसे खाणाऱ्यावर एकच. कलमं बघा. जुन्या भारतीय दंड संहितेतलं १८८ म्हणजे आदेश न मानणं, ३५३ म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यावर बळाचा वापर, ४०९ म्हणजे लोकसेवकाने केलेला विश्वासघात, ४२० फसवणूक, ४६७, ४६८ आणि ४७१ बनावट कागदपत्रं. २०१३ मध्ये इंदूरमधून उघडकीला आलेल्या व्यापमच्या, म्हणजे प्रवेश आणि भरती परीक्षांच्या घोटाळ्याच्या, गुन्ह्यांत ४२०, ४६७, ४६८ आणि ४७१ ही माळ होती.

१ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि तिथे आकडे बदललेत: १८८ चं २२३, ३५३ चं १३२, ४०९ चं ३१६(५), ४२० चं ३१८(४), ३०२ चं १०३(१). नव्या संहितेतलं ३०२ खुनाचं नाही, धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांचं आहे. कलमाआधी कोणत्या कायद्याचं नाव आहे ते न बघता कोणाला खुनी ठरवू नका.

मग आरोप निश्चित झालेत का आणि कोणत्या तारखेला, ते बघा. एफआयआर कोणीही करू शकतो. आरोप निश्चित होतात तेव्हा न्यायालयाने कागद तपासलेले असतात. ‘राजकीय आकसाने गुंतवलं’ हे वाक्य पहिल्या टप्प्यावर खरं असू शकतं, दुसऱ्यावर त्याचं वजन कमी होतं. खटल्याचा सीएनआर क्रमांक (न्यायालयाने खटल्याला दिलेला ओळख क्रमांक) मिळाला तर ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर तारखा बघा. आरोपी किती तारखांना गैरहजर होता, हे रोजनाम्यात दिसतं.

खटले असलेल्या उमेदवाराने ते माघारीनंतर तीन वेळा वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर जाहीर करायचे असतात. पक्षालाही फॉर्म सी-७ मध्ये याच माणसाला का निवडलं ते लिहावं लागतं. फेब्रुवारी २०२० च्या आदेशात न्यायालयाने बजावलंय की नुसती निवडून येण्याची क्षमता हे कारण चालणार नाही. भ्रष्टाचारावर मंचावरून तावातावाने बोलणाऱ्या पक्षाने आपल्या उमेदवाराबद्दल काय कारण लिहिलंय, ते पक्षाच्या संकेतस्थळावर जाऊन जरूर वाचा.

मालमत्ता: दोन निवडणुका शेजारी ठेवा

खरं काम इथे आहे. एका शपथपत्रातून श्रीमंती कळते, दोन शपथपत्रांतून चाल कळते. कागदावर चार रकाने आखा: बाब, २०१८, २०२३, फरक. नवरा, बायको, अविभक्त कुटुंब आणि आश्रित या सगळ्यांच्या बेरजा एकत्र घ्या.

समजा, २०१८ मध्ये एका उमेदवाराच्या कुटुंबाची मालमत्ता १ कोटी ४० लाख आणि कर्ज ३० लाख होतं. निव्वळ १ कोटी १० लाख. २०२३ मध्ये मालमत्ता ३ कोटी ९० लाख आणि कर्ज ५० लाख. निव्वळ ३ कोटी ४० लाख. ‘पाच वर्षांत तिप्पट’ असं लगेच ओरडू नका. वाढ २ कोटी ३० लाखांची आहे, ती फोडा. सांवेरकडची तीच १.२ हेक्टर जमीन आधी ६० लाखांची दाखवली होती, आता १ कोटी ८० लाखांची. हे १ कोटी २० लाख भाव वाढल्याचे आहेत, त्यात कोणाच्या खिशातून पैसा आलेला नाही. उरले १ कोटी १० लाख: नवा फ्लॅट, मुदत ठेवी, सोनं. हा खरा नवा पैसा.

आता रकाना ४ बघा. २०१९ पासून पाच वर्षांच्या विवरणपत्रांतलं उत्पन्न द्यावं लागतं, म्हणून २०२३ चा कागद नेमका हा मधला काळ झाकतो. २०१८ च्या कागदात फक्त शेवटच्या विवरणपत्राचा आकडा सापडेल. समजा पाच वर्षांत त्याचे ३७ लाख आणि बायकोचे २० लाख. एक पैसा खर्च न करता सगळे साठवले तरी ५७ लाखच होतात. ५३ लाखांचा हिशेब लागत नाही.

इथे थांबून वैध कारणं शोधा. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, ते विवरणपत्राच्या आकड्यात बहुधा धरलेलं नसतं. वारसा मिळाला असेल तर स्थावर मालमत्तेच्या ‘विरासत’ रकान्यात दिसेल. २०१८ च्या यादीतला एखादा प्लॉट विकला असेल, तर त्याची तेव्हाची किंमत तुमच्या बेरजेत आधीच आहे. वरचा नफा तेवढा नवा धरा. ही तिन्ही कारणं लावूनही मोठी रक्कम उरली, तर तो प्रश्न उमेदवाराला विचारायचा आहे. तो आरोप नाही, आणि आरोप म्हणून मांडलात तर उत्तर न देण्याची सोय तुम्हीच करून द्याल.

सोन्याची तुलना किमतीने करू नका, वजनाने करा. तोळे तेवढेच असतील तर नुसता भाव वाढलाय.

जमीन पडताळायला मध्यप्रदेशचं भू-अभिलेख पोर्टल आहे. जिल्हा, तहसील, पटवारी हलका, गाव आणि शपथपत्रातला खसरा क्रमांक (जमिनीचा सर्व्हे नंबर) टाका. नाव आणि क्षेत्रफळ समोर येतं. क्षेत्रफळ हेक्टरमध्ये असतं, १ हेक्टर म्हणजे २.४७ एकर. बिघ्याचं माप गावागणिक बदलतं, म्हणून बिघ्यात हिशेब करूच नका. किंमत पडताळायला त्या वर्षीची कलेक्टर गाइडलाइन, म्हणजे जमिनीच्या सरकारी दरांची यादी, घ्या. शेतीचा दर हेक्टरवर, प्लॉटचा चौरस मीटरवर. उमेदवाराने लिहिलेलं बाजारमूल्य गाइडलाइनपेक्षाही बरंच खाली असेल, तर ते नोंदवून ठेवा.

या कागदाला एक मोठं भोक आहे. ‘आश्रित’ म्हणजे ज्याला स्वतःचं उत्पन्न नाही असा नातेवाईक. कमावता मुलगा, भाऊ किंवा मेहुणा यात येतच नाही. स्वतःच्या नावावर गाडी नाही, घर साधं, आणि मुलाच्या नावावर कॉलनी उभी, हे चित्र फॉर्म २६ पकडत नाही. शिवाय प्रत्येक जंगम वस्तू जाहीर करायलाच हवी असं नाही, असंही सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये म्हटलंय. म्हणून एखादी जुनी स्कूटर राहून गेली यावर शक्ती घालवू नका.

भाषणाशी जुळवायचे रकाने

‘मी साधा शेतकरी’ म्हणणाऱ्याचा रकाना ९ आणि ९अ उघडा. व्यवसाय आणि उत्पन्नाचे स्रोत तिथे स्वतःच लिहिलेले असतात, जोडीदाराचेही. ‘ठेकेदारांची साखळी तोडू’ म्हणणाऱ्याचा ९ब बघा: उमेदवार, जोडीदार, आश्रित, त्यांची भागीदारी फर्म किंवा प्रायव्हेट कंपनी यांचे सरकारशी असलेले करार तिथे द्यावे लागतात. सामान्य माणसाला वीजबिलावरून सुनावणाऱ्याचा रकाना ८ बघा. सरकारी बंगल्याचं भाडं, वीज, पाणी आणि टेलिफोन यांची थकबाकी तिथे येते. शिक्षणाचं वर्ष आणि संस्था दोन्ही निवडणुकांत तीच आहे का, हे दोन मिनिटांत कळतं.

तफावत सापडली तर

अर्जांची छाननी होईपर्यंत कोणीही उलट शपथपत्र देऊ शकतो. विधानसभेसाठी ते आपल्या जागेच्या निवडणूक अधिकाऱ्याकडे द्या. तो खोट्या माहितीवरून अर्ज सहसा फेटाळत नाही, पण तुमचं शपथपत्र त्याला उमेदवाराच्या कागदाशेजारी फलकावर लावावं लागतं, आणि पत्रकार तो फलक वाचतात. त्यात खसरा क्रमांक, नक्कल आणि पान क्रमांक द्या. विशेषणं घालू नका.

खोट्या किंवा दडवलेल्या माहितीसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तक्रार दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात करावी लागते. निवडून आलेल्याची निवड रद्द करायची असेल तर निवडीच्या तारखेपासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका हवी, आणि ती मतदारालाही करता येते. ही मुदत वाढत नाही, म्हणून निकालाच्या आठवड्यातच वकील गाठा. प्रचारात साड्या, दारू, पैसे वाटले जात असतील तर तो वेगळा विषय. निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रार सुविधेतून जागेवरूनच फोटो पाठवा.

डाउनलोड केलेल्या प्रत्येक फाइलला वर्ष, जागा, उमेदवाराचं नाव आणि डाउनलोडची तारीख या क्रमाने नाव द्या, आणि एक प्रत मोबाइलबाहेर पेनड्राइव्हवर ठेवा. २०२३ च्या विधानसभेचे कागद आत्ताच उतरवून घ्या. २०२८ मध्ये शेजारी ठेवायला तेच लागतील.