राज्यात पर्यावरणाचा कायदा हवाय? मग या चुका टाळा

नदीत सांडपाणी सोडतात, टेकड्या फोडतात, झाडं रातोरात तोडतात आणि आपण मोर्चा काढून निवेदन देतो की कायदा करा. मागणी रास्तच असते, पण कसला कायदा, कोणत्या खात्याने करायचा हे त्यात कुठेच नसतं, मग त्यावर आवक नंबर पडतो आणि कागद फाइलीत जाऊन बसतो. महाराष्ट्रात तरी हे वारंवार होतं.

पहिली चूक म्हणजे चुकीचं दार ठोठावणं. सीआरझेडचे, म्हणजे समुद्रकिनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारे नियम किंवा मोठ्या प्रकल्पांची पर्यावरण मंजुरी हे सगळं केंद्राच्या १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली येतं, तिथे आमदाराने कितीही मनावर घेतलं तरी विधानसभा तो नियम बदलू शकत नाही. पाणी, सार्वजनिक आरोग्य, महापालिका-ग्रामपंचायती हे राज्याचे विषय. जंगल आणि वन्यप्राणी ४२ व्या घटनादुरुस्तीनंतर समवर्ती सूचीत गेले, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो, पण केंद्राच्या कायद्याशी विसंगत काही ठेवायचं असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते आणि त्यात वर्षं जातात. भूजलाचा कायदा बघा, नावात २००९ आहे पण संमती मिळून राजपत्रात यायला २०१३ उजाडलं.

दुसरी चूक मला सगळ्यात महागाची वाटते: प्रत्येक वेळी नवाच कायदा मागायचा. अहो, बऱ्याचदा जुन्या कायद्यातच सोय असते! २०१८ ची प्लास्टिकबंदी नव्या कायद्याने आली नाही, न कुजणाऱ्या कचऱ्यावरचा राज्याचा २००६ चा कायदा होता, त्याच्याखाली अधिसूचना, म्हणजे त्या कायद्याने दिलेल्या अधिकारात सरकारी आदेश काढला आणि काम झालं. शहरांतल्या झाडांचा कायदा १९७५ चा, २०२१ मध्ये त्यातच दुरुस्ती करून ५० वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण दिलं. त्यामुळे आधी जुना कायदा पूर्ण वाचा आणि निवेदनात स्पष्ट लिहा की अधिसूचना हवी, दुरुस्ती हवी की नवं विधेयक. मात्र अधिसूचना जितकी पटकन निघते तितकीच पटकन सैल पण होते, प्लास्टिकच्या बाबतीत त्याच वर्षी किरकोळ विक्रीच्या दुकानांतल्या पॅकिंगला सवलत दिली गेली. म्हणून जे टिकायलाच हवं ते कायद्याच्या कलमात मागा, बाकी तपशील अधिसूचनेत चालेल.

मग वेळ. अधिवेशन सुरू झाल्यावर आमदारांना भेटायला पळणारे खूप, पण तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे प्रश्न, त्याच्या बरेच दिवस आधी द्यावे लागतात. हिवाळी अधिवेशन साधारण डिसेंबरात नागपूरला असतं, तर त्यासाठीचे कागद दिवाळीच्या आसपास आमदारांच्या हातात पाहिजेत. आणि कागद म्हणजे चाळीस पानांची पीडीएफ नको. एक पान, त्यात अडचण काय, कोणत्या कायद्याचं कोणतं कलम, त्यात नेमके कोणते शब्द बदलायचे, बस. पीए तेवढंच वाचतात आणि साहेबांपुढे तेवढंच ठेवतात. एकाच पक्षाच्या आमदाराला धरून बसू नका, सत्ताधारी आणि विरोधी दोन्हीकडचे हवेत.

अशासकीय विधेयक मांडलं गेलं की लगेच फटाके वाजवू नका. मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक मंजूर होणं फार अवघड असतं, त्याचा खरा उपयोग चर्चा घडवून सरकारकडून काहीतरी वदवून घ्यायला.

"मंत्री सभागृहात हो म्हणाले, पुढे काहीच नाही" ही तक्रार नेहमीची. इथे लोक परत नवं निवेदन लिहितात, ते नका करू. विधिमंडळाची आश्वासन समिती याच कामासाठी असते, मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द पाळला का हे ती बघते. त्या दिवसाच्या कामकाजाची नोंद मिळवा, नेमकं वाक्य आणि तारीख लिहा आणि समितीतल्या एखाद्या सदस्याला गाठा. खात्यात फाइल कुठे अडकली हे माहिती अधिकारात विचारा, तेही "कार्यवाही काय झाली" असं मोघम नाही, तर फाइलवरच्या टिप्पणीच्या प्रती मागा. फाइल वित्त विभागात की विधी व न्याय विभागात अडली ते त्यात दिसतं, मग तिथेच जाऊन बोलायचं.

आणि विधेयक मंजूर झालं म्हणून व्हॉट्सॲप ग्रुप बंद करू नका. भूजल कायद्याच्या नियमांचा मसुदा २०१८ मध्ये हरकतींसाठी आला, म्हणजे कायदा राजपत्रात आल्यावर तब्बल चार-साडेचार वर्षांनी! नियम नसले की कोणत्या अधिकाऱ्याने काय करायचं हेच ठरत नाही आणि जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून विधेयकाच्या मसुद्यातच नियम अमुक महिन्यांत करावेत असं कलम घालायचा आग्रह धरा, आणि हरकती-सूचनांची नोटीस निघाली की मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या.