मुंबईतून गावचा ट्रॅक्टर एक्स्चेंजला देताय? या चुका टाळा

गणपतीला गावी जायचं, गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभा ट्रॅक्टर चालू होत नाही हे बघायचं, कुणीतरी 'इंजिन गेलंय, देऊन टाका' म्हणायचं आणि दसऱ्याच्या ऑफरमध्ये नवा दारात आणायचा. डोंबिवली-विरारच्या घरात बसून फोनवर उरकलेला असा व्यवहार दोन-तीन ठिकाणी हमखास अडकतो.

उभ्या ट्रॅक्टरला मेलेला समजू नका

चिखलणीनंतर दोन महिने न हललेल्या ट्रॅक्टरचं दुखणं बहुधा इंजिनात नसतं, उभं राहण्यात असतं. आधी बॅटरी बघा. मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा. उंदरांनी वायर कुरतडल्यात का, तेही पाहून घ्या.

स्टार्टर जोरात फिरतोय, पण सायलेन्सरमधून धुराची रेघही नाही? मग डिझेल पोचत नाही. पावसाळाभर अर्धी रिकामी राहिलेली टाकी आतून घाम धरते आणि ते पाणी खाली बसतं. टाकीच्या तळाचं डिझेल काढून बघा, दोन्ही डिझेल फिल्टर बदला आणि मग एअर, म्हणजे डिझेलच्या वाटेत अडकलेली हवा, काढा. टाकीची चावी उघडून पहिल्या फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करायचा आणि फीड पंपाची हाताची कळ मारत राहायचं. बुडबुडे थांबून अखंड धार आली की स्क्रू आवळायचा. हेच दुसऱ्या फिल्टरवर, मग डिझेल पंपावर. तरी इंजिन पकडत नसेल तर नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट थोडे सैल करून स्टार्टर मारा आणि डिझेल दिसलं की आवळा. उडणाऱ्या धारेपासून हात-डोळे लांब ठेवा. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये अर्धा मिनिट तरी थांबा. एवढ्यावर चालू झाला तर बंद ट्रॅक्टर म्हणून लागणारा पडेल भाव टळला. द्यायचा की ठेवायचा, हे आता ठरवा.

फोटोवरून पारख करू नका

व्हॉट्सॅपवर आलेला धुवून-पुसून काढलेला फोटो काही सांगत नाही. गावातल्या माणसाला इंजिन थंड असताना चालू करायला सांगा, सलग व्हिडिओ मागा आणि रोटाव्हेटर लावून, पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) मिनिटाला ५४० फेऱ्यांवर ठेवून अर्धा तास शेतात चालवायला लावा.

गरम झाल्यावरही निळा धूर येतोय आणि ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) फकफक हवा येतेय म्हणजे रिंगा-स्लीव्ह झिजल्यात. हे इंजिन खोलण्याचं काम आहे. काळा धूर स्वस्तात सुटू शकतो, कारण तो एअर क्लीनर तुंबल्याचा किंवा नोझल बिघडल्याचा असतो. पांढरा धूर थांबत नाही आणि रेडिएटरचं पाणीही कमी होतंय, तर हेड गॅस्केटवर संशय घ्या. इंजिनची डिपस्टिक ओढल्यावर ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, दुरुस्तीआधी चालवू नका.

मात्र गिअरबॉक्सचं ऑइल दुधाळ असेल तर घाबरून जाऊ नका. चिखलणीत सीलमधून पाणी जातं. सील आणि ऑइल बदललं की बऱ्याचदा भागतं. भाव पाडायला डीलर मात्र हेच ऑइल बोटावर घेऊन दाखवतात.

लिफ्टची परीक्षा खडूने होते. अवजार वर उचला, इंजिन बंद करा, लिफ्टच्या हातावर आणि शेजारच्या न हलणाऱ्या भागावर एका रेषेत खूण करा, दहा मिनिटांनी बघा. अवजार ठळक खाली आलं तर लिफ्टच्या पिस्टनचं सील किंवा व्हॉल्व्ह गळतोय. उचलायलाच जड जात असेल तर आधी ऑइलची पातळी आणि हायड्रोलिक फिल्टर. परीक्षा चालू असताना अवजाराखाली कुणी जाऊ नये.

'जुन्याला किती देता?' हा प्रश्न अपुरा आहे

समजा एक डीलर जुन्याचे २,४०,००० देतो आणि नवा ८,२०,००० ला लावतो. दुसरा २,१०,००० च देतो, पण नवा ७,७०,००० ला. पहिल्याचा भाव कानाला गोड लागतो, पण तुमच्या खिशातून त्याच्याकडे ५,८०,००० जातात, दुसऱ्याकडे ५,६०,०००. म्हणून जुन्याचा भाव आणि नव्याची ऑन-रोड किंमत वेगवेगळी लेखी घ्या. विमा, नोंदणी, हूड, बंपर, हिच हे सगळं त्यात धरलंय का, ते विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्याआधीच्या कोटेशनवर बोलणी नकोत.

आता तासांचा हिशेब. ट्रॅक्टर वर्षाला ८० तासच चालत असेल आणि जुना देऊन नव्यासाठी वर घालायची रक्कम समजा ४,५०,००० असेल, तर दहा वर्षांचे ८०० तास धरून नुसता फरकच तासाला ५६२ रुपये पडतो. व्याज, डिझेल, ड्रायव्हर वेगळे. ४५,००० च्या दुरुस्तीत जुना पाच वर्षं ओढला तर तासाला ११२. तुमच्या गावात भाड्याचा दर काय आहे, तो या दोन्हींशेजारी लिहून बघा. शंभर तासांच्या आत काम असेल तर नवा घेण्याला आमचं मत सहसा पडत नाही.

अनुदानाचा विचार असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर पूर्वसंमती हातात येण्याआधी बिल करू नका. आधी खरेदी, मग अर्ज, हे चालत नाही. जुना ट्रॅक्टर अनुदानातला असेल तर किती वर्षं विकता येत नाही, तेही कागदावर वाचा.

कोऱ्या फॉर्मवर सही

सगळ्यात महागडी चूक हीच. गावी परत कोण येणार म्हणून मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० कोरेच सही करून दिले जातात. मग ट्रॅक्टर तीन हातांतून फिरतो आणि आरसीवर नाव तुमचंच राहतं. अपघात झाला तर नुकसानभरपाईसाठी आरसीवरचा मालकच जबाबदार धरला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. घेणाऱ्याचं नाव-पत्ता भरल्याशिवाय सही नको. ताबा दिल्याची पावती तारीख-वेळेसह घ्या. राज्यातल्या राज्यात हस्तांतराची माहिती आरटीओला १४ दिवसांत द्यायची असते.

ट्रॅक्टर वडिलांच्या नावावर आणि वडील हयात नसतील तर आधी फॉर्म ३१ वर वारसाचं नाव लावा. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडला असेल तर ओटीपीच येत नाही, म्हणून तो पहिल्यांदा बदलून घ्या. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या नोंदणीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर पाटी लागते, नाहीतर आरटीओचं काम पुढे सरकत नाही. आरसीला १५ वर्षं झाली असतील तर नूतनीकरणही बघा.

कर्ज फिटलं तरी दोन ठिकाणी नोंद मागे राहते. आरसीवरचं हायपोथिकेशन, म्हणजे कर्जाची नोंद, फॉर्म ३५ ने उतरतं. पण जमीन तारण असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कातला बोजा वेगळा उतरवावा लागतो, आणि नव्या कर्जाच्या वेळी बँक नेमकं तिथेच बोट ठेवते. बँकेचा बेबाकी (कर्ज फिटल्याचा) दाखला घेऊन सातबाऱ्याच्या नोंदींसाठीच्या ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर बोजा कमी करण्याचा अर्ज मुंबईत बसूनही करता येतो.

आणि ट्रॉली. तिची नोंदणी वेगळी असते. सौद्यात ती धरलेली नसेल तर पावतीवर 'ट्रॉलीशिवाय' असं लिहून घ्या.