मुंबईत मेटल डिटेक्टर घेताना: खोलीचा आकडा सोडा, ओली वाळू बघा

मेटल डिटेक्टरच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत खोली छापलेली असते. ३ मीटर, ५ मीटर, काहींवर तर त्याहून जास्त. हा आकडा खोक्यावरच राहू द्या. छंदासाठी मिळणाऱ्या चांगल्या यंत्रालाही एकटं नाणं साधारण २०-२५ सेंटीमीटरपर्यंतच कळतं. मोठा हंडा किंवा पत्रा जास्त खोलवरून कळतो, पण चौपाटीवर हंडे पुरलेले नसतात. हातात दोन दांड्या धरून शेकडो मीटरवरचं सोनं दाखवणारे ‘लाँग रेंज लोकेटर’ ही सरळसरळ फसवणूक आहे. त्यांची चर्चासुद्धा करू नये.

मुंबईत अडचण खोलीची नाही, खाऱ्या पाण्याची आहे. निवड त्यावरूनच करायची.

आधी जागा ठरवा

किल्ले, लेणी, जुनी देवळं डोक्यातून काढून टाका. वसईचा किल्ला, कान्हेरी, घारापुरी ही केंद्रीय संरक्षित स्मारकं आहेत, तिथे परवान्याशिवाय खणणं गुन्हा आहे. खासगी वाडीत मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पाय ठेवू नका. १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजूनही लागू आहे. जमिनीत दडलेलं, १० रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं.

उरली चौपाटी: जुहू, वर्सोवा, गोराई, आक्सा. इथे शोधायची ती लोकांची हरवलेली अंगठी, कानातलं, पैंजण आणि चिल्लर. दागिना मिळाला तर पोलीस ठाण्यात जमा करायचा. काठीला तबकडी लावून वाळूत फिरणारा माणूस सगळ्यांच्याच नजरेत भरतो, म्हणून जवळच्या पोलीस ठाण्यात आधी सांगून ठेवा आणि यंत्राचं बिल जवळ बाळगा.

यंत्राचा प्रकार: इथेच पैसे बुडतात

बरीच स्वस्त आणि काही मध्यम किमतीची यंत्रं एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतात, म्हणजे तबकडीतून जमिनीत एकाच वारंवारतेची लहर सोडतात. गॅरेट एस २५० हे ६.५ किलोहर्ट्झवर, नोक्टा सिम्प्लेक्स प्लस १२ वर. कोरड्या वाळूत, मैदानात, शेतात ती छान काम देतात. ओल्या वाळूत मात्र गडबड सुरू होते. खारं पाणी वीजवाहक आहे, त्यामुळे ओली वाळू स्वतःच धातूसारखा सिग्नल देते. त्यातून तो सिग्नल येतो नेमका पातळ ॲल्युमिनियम आणि बारीक सोन्याच्या पट्ट्यात. तबकडी दोन बोटं वर-खाली झाली की यंत्र कोकलायला लागतं.

इथे हमखास मिळणारा वाईट सल्ला म्हणजे ‘डिस्क्रिमिनेशन वाढवा, आवाज बंद होईल.’ डिस्क्रिमिनेशन म्हणजे नको त्या वस्तूंचे सिग्नल गाळून टाकणं. आवाज बंद होतोच, पण त्याबरोबर बारीक सोनंही बंद होतं. मिठाचा सिग्नल गाळताना तुम्ही पातळ साखळी, टॉप्स आणि नाजूक अंगठीही गाळून टाकता. यंत्र शांत झालं म्हणून खूश झालेला माणूस दिवसभर फक्त जाड वस्तूंवरूनच फिरत असतो.

मुंबईची वाळू त्यात आणखी भर घालते. आपला खडक बेसाल्ट, त्यामुळे वाळूत लोहयुक्त काळे कण असतात. प्लास्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून कोरड्या वाळूतून ओढा, पिशवीला काळी बारीक मिशी फुटते. ग्राउंड बॅलन्स म्हणजे जमिनीचा स्वतःचा सिग्नल वजा करणं. पण काळे कण चुंबकीय आणि मीठ वीजवाहक, दोघांचं गणित वेगळं. एका फ्रिक्वेन्सीचं यंत्र एकाला जुळवून घेतं तोवर दुसरा डोकं वर काढतो.

मल्टी-फ्रिक्वेन्सी यंत्र एकाच वेळी कमी आणि जास्त फ्रिक्वेन्सी पाठवतं. मिठाचा सिग्नल वरच्या फ्रिक्वेन्सीला जोरात आणि खालच्या फ्रिक्वेन्सीला कमजोर येतो. धातूच्या सिग्नलचं हे प्रमाण वेगळं असतं. दोन्हींची तुलना करून यंत्र मीठ वजा करतं. म्हणून मुंबईसाठी माझं मत एकच: ओल्या वाळूत उतरायचं असेल तर मल्टी-फ्रिक्वेन्सीच घ्या. बजेट कमी असेल तर त्यातलं साधं मॉडेल किंवा जुनं, वापरलेलं घ्या, पण एका फ्रिक्वेन्सीचं महाग यंत्र घेऊ नका.

‘वॉटरप्रूफ आहे ना, मग झालं’ हाही गैरसमज. वॉटरप्रूफ म्हणजे पाणी आत जात नाही, मीठ त्याला गोंधळवत नाही असं नाही. सिम्प्लेक्स प्लस ३ मीटर पाण्यात बुडवता येतं, तरी फ्रिक्वेन्सी एकच. उलट मिनलॅब व्हँक्विश मल्टी-फ्रिक्वेन्सी आहे, पण त्याची फक्त तबकडी भिजलेली चालते, वरचा डबा नाही. एका लाटेत काम तमाम. मिनलॅब इक्विनॉक्स ८०० मध्ये दोन्ही गोष्टी आहेत. ‘बीच मोड’ या शब्दालाही भुलू नका. एका फ्रिक्वेन्सीच्या यंत्रात तो मोड बऱ्याचदा संवेदनशीलता खाली आणून शांतता विकत घेतो.

पल्स इंडक्शनची (पीआय) यंत्रं सलग लहरीऐवजी छोटे झटके सोडतात. ती मिठाला आणि काळ्या वाळूला दाद देत नाहीत, खोलवरही जातात. पण लोखंड आणि सोनं यातला फरक त्यांना जवळजवळ कळत नाही. विसर्जनानंतर चौपाटीच्या वाळूत खिळे, तारा, मूर्तीच्या आतल्या सळ्या किती असतात ते आठवा. पहिलं यंत्र म्हणून पीआय घेतलंत तर महिन्याभरात भंगारवाल्याशी ओळख होईल, बाकी काही नाही.

नाण्यांचे आकडे अमेरिकेचे असतात

पडद्यावरचा आकडा म्हणजे वस्तू कोणत्या धातूची असावी याचा यंत्राचा अंदाज. बऱ्याच यंत्रांत तो आकडा किंवा ‘डाइम’, ‘क्वार्टर’ची चित्रं अमेरिकी नाण्यांसाठी असतात. आपल्याकडे १९८८ पासूनचे २५ आणि ५० पैसे आणि १९९२ नंतरचा रुपया हे चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे. डिस्क्रिमिनेशनने लोखंड गाळलं की ही चिल्लरही गळते, किंवा आकडा भलतीकडेच उडी मारतो. सोड्याच्या बाटलीचं बूचही असाच खोटा वरचा आवाज देतं. चांदीची जोडवी, जाड पैंजण स्पष्ट आणि वरच्या आकड्यात येतात, त्यांना बहुतेक यंत्रं चालतील. सोन्याची अंगठी खाली, गोळ्यांच्या पाकिटाच्या ॲल्युमिनियमशेजारी येते. साखळी त्याहून वाईट, कारण तबकडीला अख्खी साखळी दिसत नाही, सुटी सुटी कडी दिसते. मंगळसूत्र सापडतं ते बहुतेक वेळा वाट्यांमुळे.

म्हणून यंत्रात लोखंडाचा आवाज वेगळा आणि खाली ठेवता आला पाहिजे, नुसता बंद करता येऊन भागत नाही. ऐकून ठरवा, खालचे आकडे खणा.

घेण्याआधी चाचणी

दुकानात चाचणी करू नका. फरशीखाली सळ्या, डोक्यावर दिवे, भिंतीत वायरी, तिथे सगळीच यंत्रं वेडी होतात. विकणारा ओल्या वाळूवर यायला तयार नसेल तर दुसरा बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात मुंबईत पाणी सगळ्यात मागे जातं ते साधारण पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, ओली पट्टी फारशी मिळत नाही. रेल्वेच्या तारांपासून लांबची जागा निवडा.

बरोबर हे घ्या: जुनं जाड तांबे-निकेलचं ५ रुपयांचं नाणं (१९९२ ते २००६ मधलं), एक स्टीलचा रुपया, एक खिळा, एक बूच आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट. ते जाड नाणं सोन्याच्या अंगठीच्या आसपासचा आकडा देतं, त्यामुळे खरी अंगठी पुरायची गरज नाही. प्रत्येक वस्तूला लाल दोरा बांधा, नाहीतर चाचणीतच हरवतील.

मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. यंत्र फॅक्टरी सेटिंगवर आणा, संवेदनशीलता ७० टक्क्यांच्या आसपास ठेवा. तबकडी कमरेच्या उंचीवर धरून नॉइज कॅन्सल (आसपासच्या विजेचा गोंगाट टाळणारं सेटिंग) चालवा. मग ओल्या वाळूत धातू नसलेली जागा शोधा, तबकडी ३० सेंटीमीटरवरून ५ पर्यंत हळूहळू वर-खाली करत आवाज बसेपर्यंत ग्राउंड बॅलन्स करा. आता काही न पुरता एक मिनिट फिरवा, तबकडी ३-४ सेंटीमीटरवर सपाट ठेवून. हात झोक्याच्या टोकाला वर उचलला गेला तर खोटे आवाज येणारच, तो दोष यंत्राचा नाही. तरीही बडबड चालू असेल तर संवेदनशीलता निम्म्यावर आणा. निम्म्यावरही गप्प बसत नसेल तर यंत्र परत द्या.

गप्प बसलं तर जाड नाणं १०, मग १५, मग २० सेंटीमीटरवर पुरा. दोन्ही दिशांनी येणारा, पुन्हा पुन्हा तोच आवाज हवा. १५ वर स्पष्ट, २० वर कुजबुज, एवढं मिळालं तर यंत्र चांगलं. शेवटी नाण्याशेजारी चार बोटांवर खिळा ठेवा आणि नाणं अजून ऐकू येतं का बघा. ही परीक्षा बरीच यंत्रं नापास होतात, आणि जुहूला रोज हीच द्यावी लागते.

बाकी

तबकडी डीडी (आत इंग्रजी D आकाराची दोन वेटोळी असलेली), १०-११ इंची. कचऱ्यासाठी ६ इंची दुसरी नंतर घ्या. हेडफोन हवाच, लाटांत बारीक आवाज जातो. स्टेनलेस स्टीलची भोकांची सुपडी आणि छोटा पिनपॉइंटर (खड्ड्यात वस्तू नेमकी कुठे आहे ते दाखवणारा हातातला डिटेक्टर) घ्या, दोन्ही पाण्यात चालणारे. मॉलच्या दारावरचा हातातला डिटेक्टर या कामाचा नाही. परदेशातून कुणाकडून मागवलं तर वॉरंटी इथे चालते का ते आधी विचारा, कारण पाणी शिरलेला डबा उघडून दुरुस्त करणारा सहज सापडत नाही.

ओल्या पट्टीत फिरताना पाण्याला समांतर चाला. कोरड्या-ओल्याची सीमा दर झोक्याला ओलांडली तर बॅलन्स टिकत नाही. खड्डे बुजवा. घरी आल्यावर यंत्र गोड्या पाण्याने धुवा, आणि तबकडीचं प्लास्टिकचं झाकण काढून धुवा. आत अडकलेली काळी वाळू पुढच्या वेळी तबकडीबरोबरच फिरते आणि सगळा बॅलन्स बिघडवते.